पहिले पान कोणाचे?

रंग आणि मोठी छायाचित्रे यांमुळे वर्तमानपत्राचे पहिले पान वाचकाला आकर्षित करते, असा एक समज रूढ आहे. आम्हाला तो मान्य नाही. रंग नजर वेधून घेतो. वाचक थांबतो तो विश्वासापोटी. दिवसभरातल्या शेकडो घटनांमधून कोणीतरी जाणतेपणाने निवड केली आहे, तिचा क्रम लावला आहे, हा तो विश्वास. मथळ्याच्या टंकाचा आकार, बातमीला दिलेले स्तंभ, घडीच्या वरची जागा, भोवती सोडलेला कोरा कागद ही त्या निवडीची भाषा आहे. मांडणी म्हणजे संपादकाचा न लिहिलेला अग्रलेखच होय.

मराठीला हे नवे नाही. 6 जानेवारी 1832 रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. आपण कोणाकोणाशी बोलत आहोत, हे त्या पत्राची मांडणीच सांगत होती. अलीकडचे उदाहरण 24 मे 2020 चे. अमेरिकेतील कोविडबळींची संख्या लाखाजवळ पोहोचली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिले पान मृतांच्या नावांनी भरून काढले. छायाचित्र एकही नव्हते. तरीही ते पान जगभर पाहिले गेले.

आता दुसरे टोक पाहू. 24 जानेवारी 2025 रोजी केरळातील अनेक मल्याळम दैनिकांच्या दर्शनी पानावर 2050 सालच्या कल्पित बातम्या झळकल्या. 1 फेब्रुवारीपासून कागदी चलन बाद होणार, अशी त्यांतली एक बातमी होती. प्रत्यक्षात ती एका शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमाची जाहिरात होती. अनेक वाचक गोंधळले. त्यांना भाबडे म्हणून हसणे सोपे आहे. पण पहिले पान जसे वाचायला वर्तमानपत्रांनीच शिकवले, तसेच त्यांनी ते वाचले.

यावर उत्तर ठरलेले असते: जाहिरातीवाचून अंक परवडत नाही, आणि पहिल्या पानावर जाहिराती पूर्वीही होत्याच. होत्या खऱ्या. ‘द हिंदू’मध्ये 1958 पर्यंत, तर लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये थेट 3 मे 1966 पर्यंत पहिल्या पानावर जाहिरातीच असत. परंतु त्या जाहिरातींसारख्या दिसत. बातमीचा वेश त्यांनी घेतला नव्हता. आमचा आक्षेप जाहिरातीला नाही, सोंगाला आहे. दसरा-दिवाळीत मराठी दैनिकांचेही खरे पहिले पान शोधण्यासाठी जाहिरातींची वेष्टने उलटावी लागतात, आणि त्या वेष्टनांवर पत्राचे नाव मात्र दिमाखात असते. ते नाव म्हणजे संपादकाची सही. कोऱ्या धनादेशावर करावी तशी ती करून देणे, याला व्यवहारचातुर्य कसे म्हणावे?

या ऱ्हासात आम्हा मराठीच्या अध्यापकांचाही वाटा आहे. प्रसारमाध्यमांसाठी लेखन शिकवताना आपण विद्यार्थ्याकडून बातमी लिहून घेतो, मथळ्याला गुण देतो. ती कोणत्या पानावर, कुठे आणि का यावी, हे विचारत नाही. कवितेतील ओळींमधल्या मोकळ्या जागेवर तासभर बोलणाऱ्यांना वर्तमानपत्राचे पान ही संहिता वाटू नये, हे नवलच. एकाच दिवसाच्या चार मराठी दैनिकांची पहिली पाने वर्गात शेजारी ठेवावीत आणि प्रत्येकाने काय मोठे केले, काय दडवले, काय विकले, एवढेच विचारावे. असे वाचणारा वाचक तयार झाला, तर दर्शनी पान विकण्यापूर्वी संपादकालाही दोनदा विचार करावा लागेल.