‘महाराष्ट्र मेड लिकर’ : बाटलीत धान्य, पण भातवाल्याच्या हाती काय?

कल्याण : राज्य मंत्रिमंडळाने 10 जून 2025 रोजी दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्याच निर्णयात ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार आणला. धान्यापासून बनणारी ही दारू फक्त राज्यातल्या उत्पादकांनी बनवायची. 180 मिलीची किमान किंमत 148 रुपये, म्हणजे देशी (80) आणि विदेशी (205) यांच्या मधली. ‘धान्य’ म्हटल्यावर मुरबाड, शहापूर, कल्याण ग्रामीणमधल्या भातवाल्या शेतकऱ्याचे कान टवकारणारच. आपल्या भाताला नवं गिऱ्हाईक मिळणार का?

सरळ हिशोब मांडू. एक किलो तांदळातून साधारण 400 मिली शुद्ध अल्कोहोल निघतं. 42.8 टक्के तीव्रतेच्या 180 मिली बाटलीत ते 77 मिली असतं. म्हणजे एका बाटलीला लागतो जेमतेम 190 ग्रॅम तांदूळ. इथेनॉल कारखान्यांना केंद्राने 2025 मध्ये एफसीआयचा तांदूळ क्विंटलला 2,250 रुपयांनी दिला. तोच भाव धरला, तर 148 च्या बाटलीत धान्य भरतं सव्वाचार रुपयांचं. बाकीचा पैसा कर, कारखाना, वाहतूक आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो.

आता आपली बाजू. 2025-26 साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. क्विंटलभर भात भरडला की तांदूळ निघतो 67 किलोच्या आसपास. म्हणजे तांदूळ किलोला 35 रुपयांवर गेला. नाचणीचा हमीभाव तर 4,886. कारखानदाराला कणी, मका स्वस्तात मिळत असताना तो आपल्या खळ्यावर कशाला येईल?

धान्याच्या दारूचं हे स्वप्न नवीन नाही. 2007 मध्येही राज्याने धान्यापासून मद्यार्क बनवायला प्रोत्साहन दिलं. ज्वारी-बाजरीला भाव मिळेल, असं तेव्हाही सांगितलं गेलं. डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला होता.

शेतकऱ्याला दारूतून पैसा मिळतच नाही असंही नाही. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीत निदान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. तिथले काही छोटे उत्पादक जवळच्या शेतातलाच मका घेतात आणि तेच सांगून बाटली महाग विकतात. भारताने फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरची आयात ड्युटी 150 वरून 100 टक्क्यांवर आणली, म्हणजे तो मका बाटलीतून इकडे येणं सोपं झालं. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडे काढलेली दारू ‘गोव्याची फेणी’ म्हणून विकता येत नाही.

दोन्हीकडे मालाचं नाव मातीशी बांधलेलं आहे. आपल्याकडे जाहीर झालेली अट उत्पादकाची आहे, शेताची नाही. धान्य कुठल्या तालुक्यातलं, कुठल्या भावाने घेतलं, हे बाटलीवर येत नाही तोवर ‘महाराष्ट्र मेड’ मध्ये शेतकरी नावापुरताच.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. सव्वाचार रुपयांचं धान्य ज्या घरातून गेलं, त्याच घरात 148 रुपयांची बाटली परत आली, तर तोटा कोणाचा हे गावातल्या बायकांना विचारावं लागत नाही.