अकरा अंगठे

श्रीपुरात राहणाऱ्या माणसानं मनगटाला घड्याळ बांधणं ही निव्वळ हौस आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, इथं साखर कारखाना उभा केला, आणि या मुलखाला साखरेबरोबर भोंगाही मिळाला. आज इथं पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. पाटी बदलली तरी भोंगा तो भोंगाच. पाळी बदलली की तो एकदा वाजतो. ज्याची पाळी असेल तो उठतो, ज्याची नसेल तो कूस बदलतो. भोंगा कुणाला गुलाबाच्या फुलासह सुप्रभात म्हणत नाही, किंवा रात्री साडेदहाला 'बघितलंत का? कळवा' असं विचारत नाही. बोलायचं तेवढं बोलतो आणि गप्प बसतो.

हे भोंगापुराण लावायचं कारण असं, की आमच्या बँकेच्या हेडऑफिसनं शाखांना एक प्रश्न विचारला आहे: 'टीममधील संवाद व सहकार्यासाठी कोणते ॲप असावे? शाखेने आपले मत कळवावे.' आमची शाखा नेमकी कुठली ते विचारू नका. मला रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं आहेत.

पूर्वी आम्ही 'स्टाफ' होतो. नवे साहेब पुण्याहून आले आणि आम्ही 'टीम' झालो. पगारात फरक नाही. तर टीमची मीटिंग भरली. चहा आला, भजी आली, मतं आली. हेडकॅशियर म्हणाले, "आहे तो व्हॉट्सॲपचा ग्रुप काय वाईट आहे? फुकट आहे." एवढं बोलून त्यांनी भजी संपवली. ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्याचे पैसे मोजले, त्याला 'फुकट' या शब्दापुढे युक्तिवाद सुचत नाही. कर्जखात्याच्या मॅडम म्हणाल्या, "टीम्स घ्या. नावातच टीम आहे." साहेब खूष झाले. पंचविशीतला आमचा नवा ऑफिसर म्हणाला, "सर, स्लॅक!" आणि स्वदेशीचा अभिमान असलेले एक गृहस्थ म्हणाले, "अरट्टै! आपल्या झोहो कंपनीचं आहे." कोपऱ्यात उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "मला नुसता आवाज द्या, मी येतो." त्यांचं मत कोणी लिहून घेतलं नाही. माझ्या मते तेवढंच लिहून घेण्यासारखं होतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. माल घेण्याआधी त्याचा इतिहास बघावा, एवढं कॉलेजात शिकलो होतो. घरी येऊन बघितला. स्लॅक ज्या कंपनीनं काढलं, ती मुळात संगणकावरचा एक खेळ करत होती. खेळ 2012 साली बंद पडला. खेळ करता करता आपापसांत बोलायला म्हणून जे साधन बनवलं होतं, तेच पुढे बाजारात आणलं, आणि 2021 साली ते सेल्सफोर्सनं 2700 कोटी डॉलरहून जास्त मोजून विकत घेतलं. धंदा बुडाला आणि धंद्यातल्या गप्पा विकल्या गेल्या, असं हे वाणिज्यशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नसलेलं उदाहरण. इंग्रजीत त्या शब्दाचा साधा अर्थ ढिलाई. अरट्टै म्हणजे तमिळमध्ये गप्पाटप्पा. एकाचं नाव ढिलाई, दुसऱ्याचं नाव गप्पा, आणि आमचे साहेब विचारतात की यांपैकी कामाला कुठलं बरं!

पण नावावर जाऊ नये. माझं भांडण कुठल्याच ॲपशी नाही. व्हॉट्सॲपवर मी सासुरवाडीशी इतके सलोख्याचे संबंध राखून आहे, की समोरासमोर ते शक्य झालं नसतं. 2020 च्या टाळेबंदीत याच ग्रुपनं आमची शाखा चालू ठेवली, हेही जमेच्या बाजूला लिहितो. माझं भांडण आहे ते ज्या निकषांवर ही निवड चालली आहे त्यांच्याशी. 'फुकट आहे', 'सगळ्यांकडे आहे', 'दिसायला छान आहे'. अहो, या तीन कारणांवर माणूस फार तर कॅलेंडर निवडतो.

ऑफिसच्या साधनाला तीन गोष्टी यायला पाहिजेत. त्याला गप्प बसता आलं पाहिजे, लक्षात ठेवता आलं पाहिजे, आणि 'हे काम कुणाचं?' असं नाव घेऊन विचारता आलं पाहिजे. आमच्या ग्रुपला यातलं एकही येत नाही. कसं ते सांगतो. सांगताना मान थोडी खाली जाईल, तिकडे दुर्लक्ष करा.

नोव्हेंबर महिना हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनवाल्यांनी यायचं आणि आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. आमच्याकडे एक आजी येतात. नवरा सरकारी नोकरीत शिपाई होता, त्याची फॅमिली पेन्शन. आजींनी मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं नाकारला. दुसरा ठेवला, तोही नाकारला. चाळीस वर्षं उसात खुरपण केलेल्या अंगठ्यावर रेषा उरतात कुठं? 'उद्या या' म्हटलं तर आजी उद्या आल्या, तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी गुडघ्यानं संप केला आणि पुतण्या येऊन सांगून गेला, की आता कोणीतरी घरी या. मागणी अगदी रास्त. सत्तरीपुढच्या ग्राहकाच्या घरी जाऊन हयातीचा दाखला घ्यायची सोय करा, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 सालीच बँकांना सांगून ठेवलंय.

साहेबांनी त्या रात्री पावणेअकराला ग्रुपवर निरोप टाकला: 'टीम, आजींच्या घरी जाऊन कोणीतरी दाखला घ्यावा. अर्जंट.' खाली आजींच्या पेन्शनच्या पुस्तकाचा फोटो आणि आधार कार्डाचा फोटो. सकाळपर्यंत त्या निरोपाला अकरा अंगठे आले होते. अकरावा माझा. त्यानंतर कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस निघाला, केकची चित्रं आली, संकष्टीची चंद्रोदयाची वेळ आली, आणि आजी वर सरकत सरकत दिसेनाशा झाल्या.

'कोणीतरी' हा मराठी भाषेतला सर्वांत कामसू माणूस आहे. घराघरात, ऑफिसाऑफिसात सगळी कामं त्याच्यावर सोपवलेली असतात. फक्त तो पगारपत्रकावर नसतो.

डिसेंबरात आमच्या चिरंजीवानं माझ्या मोबाईलमध्ये सहलीचे फोटो शोधता शोधता विचारलं, "बाबा, या आजी कोण?" मी म्हणालो, "बँकेतल्या आहेत," आणि पुढचा फोटो लावला. हे वाक्य मला आता पाठ झालंय.

फेब्रुवारीत आजी रिक्षा करून आल्या. दोन महिने पेन्शन जमा नव्हती. काउंटरला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बाळा, मी कधी मेले तेवढं सांग. पुतण्याला दहावा-तेरावा करायचाय." ओळीतले लोक हसले. मी हसलो नाही. माझा अकरावा अंगठा मला आठवला. एका बाईचा खराखुरा अंगठा मशीननं तीनदा नाकारला, आणि आमचे अकरा खोटे अंगठे मोबाईलनं एका दमात पास केले.

बँकेत अंगठ्याला केवढी किंमत असते! अंगठा उठवणारा समोर लागतो, साक्षीदार लागतो, डावा की उजवा ते लिहावं लागतं. ग्रुपवरच्या अंगठ्याचा अर्थ काय? 'वाचलं', 'पटलं', 'करतो', 'दुसरा करेल', की 'झोप येतेय'? साहेबांनी "ही जबाबदारी कोणाची होती?" असं विचारलं तेव्हा प्रत्येकानं आपापला अंगठा दाखवला. शब्दशः!

मी 2004 साली नोकरीला लागलो तेव्हा टेबलावर आवक रजिस्टर असे. लाल कापडी पाठीचं, मळकं, कोपरे दुमडलेलं. त्यात एक रकाना होता: 'कोणाकडे दिले'. पुढे सही. ज्याची सही, त्याच्या मानेवर काम. ते रजिस्टर सहा वाजता कपाटात जाई आणि रात्री पावणेअकराला उठून कोणाच्या घरी जात नसे. शिवाय दहा वर्षांनीही ते काढून बोट ठेवता येत असे. ग्रुपवर काय? 2017 पासून व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी पुसून टाका' अशी सोय झाली. घरात ती वरदान आहे. मेव्हण्याबद्दलचं मत चुकून मेव्हण्यालाच गेलं तर ती कामी येते. पण ऑफिसात? लेजरमधलं पान फाडणाऱ्या क्लार्कला आम्ही सस्पेंड करतो, आणि इथं पान फाडायची सोय प्रत्येकाच्या बोटाखाली! मोबाईल बदलला की इतिहास गेला. उलट जे जायला पाहिजे ते जात नाही. आजींचं आधार कार्ड अजून बारा घरांत आहे. त्यातलं एक घर नांदेडला. साहेबांच्या आधीचे साहेब बदलून तिकडे गेले, पण ग्रुपमधून त्यांना काढायचं काम 'कोणीतरी' करणार आहे.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. अमेरिकेत 2022 च्या सप्टेंबरात वॉल स्ट्रीटच्या 16 वित्तीय संस्थांना तिथल्या सेक या सरकारी नियंत्रकानं मिळून 110 कोटी डॉलरचा दंड केला. गुन्हा काय? माणसं धंद्याची बोलणी स्वतःच्या खासगी फोनवर करत होती आणि त्याची नोंद संस्थेकडे राहत नव्हती. म्हणजे आवक रजिस्टर नव्हतं, इतकंच! आपल्याकडेही 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, 2025 च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले, आणि दंडाची मजल 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. आमच्या हेडकॅशियरांना विचारायचंय, की आता 'फुकट'चा हिशेब पुन्हा एकदा मांडायचा का?

गप्प बसण्याचंही तसंच. सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं, की कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न घेण्याचा हक्क नोकरदाराला असावा. 2025 च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये तसा कायदा 2017 पासून लागू आहे. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा आमचा नवा ऑफिसर म्हणाला, "सर, स्लॅकमध्ये सूचना बंद ठेवायची वेळ लावता येते. कामाला नाव लावता येतं. जुनं शोधता येतं." मी म्हणालो, "शाब्बास! आणि फुकटच्या योजनेत?" तो जरा घुटमळला. फुकटच्या योजनेत 90 दिवसांपूर्वीचं दिसत नाही. आजींच्या हिशेबानं नोव्हेंबरची गोष्ट फेब्रुवारीअखेर गडप! स्मरणशक्तीला पैसे पडतात. ते मोजायची तयारी ठेवा, नाहीतर लाल रजिस्टर परत आणा. ते अजून तळघरात आहे आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

एवढं मोठं काम लोक कसं चालवतात ते बघायला परदेशी जायला नको. आमच्या माळशिरस तालुक्यातून दोन्ही पालख्या जातात. तुकोबांची अकलूज-बोरगाव करत, माउलींची नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत. लाखो माणसं, शेकडो दिंड्या. माउलींच्या सोहळ्यात निघताना कर्णा तीनदा वाजतो: पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला चालायला लागायचं. चौथा कर्णा नाही. 'निघालात का?' अशी विचारणा नाही. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतो, आरोळी देतो, आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. सगळे गप्प असल्यामुळे तिचा टाळ ऐकू जातो. चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग आरती.

आजींचा टाळ आमच्याकडेही वाजत होता हो! पण बाकीचे अकरा टाळ थांबले नव्हते, म्हणून ऐकू आला नाही.

तेव्हा माझं मत मी लेखी दिलं आहे. ॲप कोणतंही घ्या, स्वदेशी घ्या, परदेशी घ्या. आधी नियम करा. संध्याकाळी सहाला ते बंद झालं पाहिजे. त्यातली नोंद शाखेची असावी, कोणाच्या खिशातली नव्हे. बदली होणाऱ्याच्या हातून तिजोरीच्या किल्लीबरोबर तेही काढून घ्यावं. ग्राहकाचा कागद कुणाच्या घरी जाऊ नये. 'कोणीतरी' हा शब्द टाइप झाला तर निरोप पुढे जाऊ नये. आणि अंगठा बंद. ज्याला काम करायचं असेल त्यानं 'मी करतो' असे दोन शब्द लिहावेत. ते लिहायला जेवढे कष्ट पडतात, तेवढी तरी जबाबदारी अंगाला लागते.

आजींचं काम झालं. त्याच दिवशी साध्या कागदावर, निळ्या शाईच्या पॅडवर, डावा अंगठा. साक्षीदार म्हणून सही माझी. थकलेली पेन्शनही यथावकाश जमा झाली. जाताना आजी म्हणाल्या, "आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत का मी?" मी म्हटलं, "लेखी आहे आजी."

हे सगळं टिपण मी साहेबांना दिलं. चार पानं होती. साहेबांना फारच आवडलं असावं, कारण त्याच रात्री त्यांनी ते ग्रुपवर टाकलं.

सकाळपर्यंत अकरा अंगठे आले होते. त्यातला एक नांदेडहून.