राणीच्या तोंडी घातलेलं वाक्य

गेल्या आठवड्यात एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता ‘इतिहास घडवणाऱ्या स्त्रिया’. मुलं मनापासून बोलली. सावित्रीबाई आल्या, जिजाऊ आल्या, मेरी क्युरी आली. पण जी जी मुलं फ्रेंच राज्यक्रांतीपाशी पोचली, त्यांनी एकच प्रसंग सांगितला. लोकांना पाव मिळत नाही हे कळल्यावर राणी मारी आंत्वानेत म्हणाली, मग केक खावा त्यांनी. टाळ्याही तिथेच पडल्या. निकालानंतर चहा घेताना मी शिक्षकांना म्हटलं, हे वाक्य तिचं नाही. एक जण म्हणाले, ‘असू द्या हो सर, मुलांना क्रांती तर कळते ना!’

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, इतिहासाच्या बाबतीत ‘असू द्या हो’ मला सोसत नाही.

हकिगत थोडक्यात सांगतो. ही गोष्ट विचारवंत रूसोच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्राच्या सहाव्या भागात आहे. तिथे बोलणारी आहे ‘एक थोर राजकन्या’. तिचं नाव रूसोने दिलेलं नाही. तो भाग त्याने १७६० च्या दशकात लिहिला. मारीचा जन्म १७५५ चा, व्हिएन्नातला. लग्न होऊन ती फ्रान्सला आली १७७० मध्ये, चौदाव्या वर्षी. म्हणजे रूसो हे लिहीत होता तेव्हा ती ऑस्ट्रियाच्या राजवाड्यात वाढणारी लहान मुलगी होती. १७९३ मध्ये तिच्यावर खटला चालला. पोटच्या मुलाशी दुर्वर्तन केल्याचा अत्यंत हीन आरोपही तिच्यावर ठेवला गेला, पण केकच्या वाक्याचा आरोप त्यात नव्हता.

असली गोष्ट फ्रान्सचीच आहे असंही नाही. चीनच्या जिन घराण्यातला सम्राट हुई चौथ्या शतकाच्या सुरुवातीला राज्य करत होता. प्रजेला तांदूळ मिळत नाही असं कानावर आल्यावर त्याने विचारलं, मग मांसाची पेज का खात नाहीत? जिन घराण्याच्या इतिहासग्रंथात ही कथा नोंदलेली आहे. भुकेल्या माणसांना आपला राजा असाच दिसतो, म्हणून ही कथा देश बदलते, धान्य बदलते आणि पुन्हा नव्या माणसाच्या नावावर चढते.

मी राणीची वकिली करत नाही. तिचे खरे दोष पुष्कळ आहेत. देशाची तिजोरी रिकामी होत असताना तिचा खर्च थांबला नाही. १७९२ मध्ये फ्रान्सचं ऑस्ट्रियाशी युद्ध पेटलं, तेव्हा फ्रेंच सैन्याच्या हालचाली तिने शत्रूला कळवल्या. हे मुलांना सांगावं, जरूर सांगावं. माझं भांडण ‘क्रांती तर कळते ना’ या शब्दांशी आहे. नाही कळत! त्या वाक्याने एवढंच कळतं की एक बाई उद्धट होती म्हणून लोक चिडले. पाव का मिळत नव्हता, हा प्रश्न मुलांच्या मनात येतच नाही.

तो का मिळत नव्हता ते ऐका. पॅरिसच्या कष्टकऱ्याचं पोट पावावर चालायचं. पाव ही त्याची भाकरीच. १७७४ मध्ये अर्थमंत्री तुर्गोने धान्याच्या व्यापारावरची बंधनं उठवली. त्याच वर्षी पीक हातचं गेलं, भाव चढले आणि १७७५ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव दंगे झाले. इतिहासात त्यांना ‘पिठाचं युद्ध’ म्हणतात. पुढे १७८८ च्या जुलैत गारपिटीने उभी शेतं झोपवली आणि मागोमाग सेन नदी गोठवणारा हिवाळा आला. १७८९ मध्ये पॅरिसात चार पौंडांचा पाव साडेचौदा सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) झाला. साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. घरात चार-पाच खाणारी तोंडं. हा हिशेब नववीतल्या कुठल्याही मुलीला फळ्यावर मांडता येईल आणि मांडला की क्रांती तिला कायमची कळेल.

आणि विषय जर इतिहास घडवणाऱ्या स्त्रियांचा होता, तर त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या स्त्रिया एकाही भाषणात का नव्हत्या?

५ ऑक्टोबर १७८९ ची सकाळ. पॅरिसच्या बाजारपेठांतल्या बायका पाव नाही म्हणून जमल्या. मासे विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी आधी नगरभवन गाठलं, तिथली हत्यारं उचलली, तोफा ओढत बरोबर घेतल्या आणि भर पावसात व्हर्सायच्या राजवाड्याकडे निघाल्या. अंतर वीसेक किलोमीटर. हजारो बायका चिखलातून सहा तास चालल्या. तिथे भरलेल्या राष्ट्रसभेत शिरून त्या सभासदांच्या बाकांवर जाऊन बसल्या. त्यांच्यातल्या काही जणी राजाला भेटायला गेल्या. राजाशी बोलण्यासाठी पुढे झालेली लुइझाँ शाब्री अवघी सतरा वर्षांची होती, ती तिथेच चक्कर येऊन पडली. राजाने धान्य पाठवायचं कबूल केलं. सभेने मांडलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला मान्यता द्यायला तो कित्येक आठवडे टाळाटाळ करत होता. ती मान्यताही त्याच रात्री मिळाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ येरझाऱ्या घातल्या होत्या. विद्वानांच्या सभेला जे जमलं नव्हतं, ते पाव मागायला आलेल्या बायकांनी एका दिवसात करून घेतलं! त्या क्रांतीची बाजू मांडण्यासाठी थॉमस पेनने ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं आणि ते पुस्तक आपल्या जोतीराव फुल्यांनी वाचलं. हक्कांची ती भाषा पुण्यापर्यंत आली, तिच्या वाटेवर या मासेवाल्यांची पावलंही उमटलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, पहाटे जमाव राजवाड्यात घुसला. दोन पहारेकरी मारले गेले, राणी शयनगृहातून पळत राजाच्या दालनात गेली. हा रक्तपात लपवण्याचं कारण नाही, मुलांना तोही सांगावा. दुपारी राजघराण्याला घेऊन सगळा जमाव पॅरिसकडे निघाला. बरोबर पिठाच्या गाड्या होत्या आणि बायका ओरडत होत्या, पाववाला आणला, पाववाली आणली, त्यांचं पोरही आणलं! राजा-राणी व्हर्सायला राहायला पुन्हा कधीच परतले नाहीत.

या बायकांचं पुढे काय झालं, हेही शाळेत शिकवलं पाहिजे. राणीचा शिरच्छेद १६ ऑक्टोबर १७९३ ला झाला. त्यानंतर चौदाच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, क्रांतिकारकांच्या ‘नॅशनल कन्व्हेन्शन’ या सभेने स्त्रियांच्या सगळ्या राजकीय मंडळांवर बंदी घातली. स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा १७९१ मध्ये लिहिणाऱ्या ओलँप द गूजला ३ नोव्हेंबरला गिलोटिनखाली धाडलं. राजाला पॅरिसला आणायला बायका चालल्या, मात्र राज्यकारभारावर बोलायला त्याच बायका नकोशा झाल्या.