पोटाचं कुणी विचारलंच नाही

मंडळी, "कोरोना संपला, आता कशाला उकरून काढता" असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पोस्ट इथंच सोडली तरी चालेल. पण ज्यांच्या घरात २०२१ पासून कुणाचं तरी पोट ठिकाणावर नाही, त्यांनी वाचा. पोस्ट मोठी आहे, इलाज नाही.

माझा मामा लोह्याकडचा. एप्रिल २०२१. दोन दिवस जेवण जाईना, मळमळ, मग जुलाब. खोकला नाही, सर्दी नाही, अंगात बारीक कणकण. जवळच्या डॉक्टरनं "ऊन लागलंय" म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी परत सलाईन. त्या खोलीत कॉटला कॉट लावून सगळे झोपलेले, आणि सगळ्यांना ऊनच लागलेलं! टेस्टचा विषय कुणी काढला नाही. आम्हीही नाही काढला, हे कबूल करतो. सहाव्या दिवशी मामी तापली. सातव्या दिवशी मामाचा ऑक्सिजन ८६. मग नांदेडात बेडसाठी जी पळापळ झाली ती सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी ती केलेली आहे. मामा वाचला. मामी नाही.

त्या डॉक्टरला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. हे माहीत नव्हतं असं नाही. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये सापडलेल्या पहिल्याच रुग्णाला जुलाब होते आणि त्याच्या शौचात विषाणू मिळाला होता. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी ६० अभ्यास एकत्र केले, ४,२४३ रुग्ण. त्यातल्या १७.६ टक्के लोकांना पोटाची लक्षणं होती. म्हणजे दर सहा माणसांत एक. आपल्या केंद्र सरकारच्या १३ जून २०२० च्या उपचार पत्रकातही लक्षणांच्या यादीत जुलाब छापलेले होते. कागद दिल्लीहून निघाला, लोह्यापर्यंत काहून पोचला नाही?

१५ सप्टेंबर २०२० ला "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" सुरू झालं. आशाताई उन्हातान्हात दारोदार फिरल्या, कपाळावर ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावलं. त्यांना दोष देणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही. पण आमच्या दारात "जेवण जातंय का, शौचाला कसं होतंय" हा प्रश्न एकदाही आला नाही. विचारायला यंत्र लागत नव्हतं.

आता होतं काय ते साध्या भाषेत सांगतो. हा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून. हे दार फुप्फुसात आहे हे सगळ्यांना पाठ झालं. पण लहान आतड्याच्या अस्तरात ही दारं भरपूर आहेत, हे कुणी सांगितलं नाही. आतड्यात हेच एसीई-२ अन्नातली अमिनो आम्लं शोषून घ्यायच्या कामाला हात लावतं. ते काम बिघडलं, अस्तर सुजलं, आतल्या चांगल्या जंतूंची घडी मोडली, की जुलाब, मळमळ, पोटात मुरडा, अन्नावरची वासना जाणं. काहींना हे खोकल्याच्या आधीच होतं. मामासारखं.

त्यावर आपण काय केलं? अजिथ्रोमायसिन, डॉक्सी, आयव्हरमेक्टिन असा पुडा, मेडिकलवर चिठ्ठीशिवाय. अजिथ्रोमायसिननं जुलाब लागतात, हे जुनंच आहे. म्हणजे आधीच लागलेल्या पोटाला आणखी लावायचं! ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत डिसेंबर २०२० मध्येच त्याचा कोरोनावर उपयोग नाही हे निघालं होतं, तरी आपल्याकडं दुसऱ्या लाटेत ते गोळ्या-बिस्किटासारखं विकलं. स्टेरॉइडचं तर विचारूच नका. ज्याला ऑक्सिजन लागतोय त्यालाच त्याचा फायदा, हे जून २०२० पासून माहीत. इथं साध्या तापाला पहिल्या दिवसापासून डेक्सा, वर दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी. जठराची साल निघणार नाही तर काय. शुगर वाढून काळ्या बुरशीनं किती जणांचे डोळे नेले ते वेगळंच.

आणि काढा. मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग, दिवसातून चार-चार वेळा, व्हॉट्सॲपवर आला तसा. आजीचा काढा कपभर असायचा, लई झालं तर दोन दिवस. आपण तो पातेल्यानं प्यालो आणि छातीत जळजळ झाली की "विषाणू मरतोय" म्हणालो.

उगाच घाबरवायचं नाही म्हणून हेही सांगतो: शौचातून कोरोना सर्रास पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. शौचात सापडतात ते बहुतेक वेळा विषाणूचे तुकडे. पण त्या तुकड्यांचाही उपयोग होतो. २०२० च्या मे महिन्यात आयआयटी गांधीनगरच्या लोकांनी अहमदाबादच्या सांडपाण्यात ते शोधून दाखवले. गटाराच्या पाण्यावरून शहरात साथ वाढतेय का उतरतेय ते कळतं. नांदेडचं सांडपाणी गोदावरीत कुठं कुठं जातं हे शेंबडं पोरही दाखवील. तपासायला नमुना मिळणार नाही ही अडचण निदान आपल्याला नाही.

जुलाबाच्या माणसाला पहिल्यांदा लागतं पाणी आणि संडास. लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगू, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं शहर आहे ते. आणि विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ तासांत २४ जीव गेले, त्यात १२ नवजात, तेव्हा कुठं तिथल्या संडासाची बातमी झाली. तीही खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला म्हणून. फोटो निघाला, गुन्हा दाखल झाला, चर्चा झाडूवर झाली.

"झालं गेलं" म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा. अमेरिकेत कोरोना झालेल्या दीड लाखाहून जास्त माजी सैनिकांचा अभ्यास मार्च २०२३ मध्ये छापून आला. वर्षभरात पोटाचे विकार होण्याचा धोका त्यांच्यात ३६ टक्के जास्त. ती माणसं बहुतेक वयस्कर पुरुष, आपला हिशेब थोडा वेगळा निघेल. पण काढणार कोण? नांदेड आणि लातूर, दोन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कोरोनानंतर पोट बिघडलेल्यांची आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी लावा, नोंद ठेवा. तापाच्या सर्व्हेच्या फॉर्मवर पोटाची एक ओळ वाढवा. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देणाऱ्या मेडिकलवर कारवाई करा, त्याला नवा कायदा लागत नाही. ह्यातलं काय महाग आहे ते आरोग्य खात्यानं सांगावं.

मामा आता भाकरी दुधात कुस्करून खातो. ज्वारीची कडक भाकरी आणि ठेचा ह्यावर वाढलेला माणूस. तिखट लागलं की दुपारपर्यंत तीनदा उठतो. दोन वर्षं त्याला "मनाचं आहे, मामी गेल्याचं टेन्शन आहे" असंच सांगितलं गेलं. तो आता दवाखान्यात पोटाचं बोलतच नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, बरं आहे.