चीनहून काय आणाल, काय नाही?

ऑक्टोबर २०२५मध्ये भारत आणि चीनदरम्यानची थेट विमानं पाच वर्षांहून अधिक काळाने पुन्हा उडू लागली. आता कुणी व्यापारी प्रदर्शनाला ग्वांगझोला जातं, कुणी मुलीला भेटायला शांघायला, तर कुणी निव्वळ फिरायला बीजिंगला. जाणाऱ्याच्या हातात घरून एक यादी पडतेच. जेडचा रोलर, मोत्यांची पावडर, नणंदेसाठी गोरं करणारं क्रीम, आत्याच्या गुडघ्यांसाठी पट्ट्या, वहिनीसाठी वजन उतरवणारा चहा.

यादी छान आहे, पण तिच्यातली प्रत्येक वस्तू सारखी नाही. कंगवा वाईट निघाला तर थोडे पैसे वाया जातात. क्रीम वाईट निघालं तर मूत्रपिंडावर बेतू शकतं. म्हणून खरेदीला निघताना एकच नियम गाठीशी बांधा : वस्तू शरीराच्या जितकी आत जाणार, तितकी तिची चौकशी जास्त.

वरवर वापरायच्या वस्तू मनसोक्त घ्या

ज्यांना लाकडाची किंवा बांबूची फणी आवडते, त्यांनी च्यांगसू प्रांतातल्या छांगझोच्या फण्या जरूर पाहाव्यात. बारीक, दाट दातांची ही फणी पाहिली की आपल्या आजीच्या डब्यातली फणीच आठवते. वजनाला हलकी, तुटायची भीती कमी आणि भेट म्हणून सुरेख.

त्याच प्रांतातलं यांगझो हे शहर फेस पावडरसाठी प्रसिद्ध आहे. तिथलं शिए फुचुन हे दुकान १८३०पासूनचं. बदकाच्या अंड्याच्या आकाराची, फुलांच्या सुवासाची दाबून बनवलेली पावडर ही त्याची ओळख. शांघायच्या पेचोइनचं, १९३१पासून चालत आलेलं, पक्ष्यांची चित्रं असलेल्या डबीतलं क्रीमही अनेकजण आठवण म्हणून आणतात.

चेहऱ्यावर फिरवायची ग्वा शाची पाटी आणि रोलर सगळीकडे मिळतात. इथे फसवणूक होते ती किमतीत. जेड म्हणून विकली जाणारी वस्तू बऱ्याचदा रंगवलेला साधा दगड किंवा काच असते. उजेडात धरून पाहा, आत हवेचे बारीक बुडबुडे दिसले तर ती काच आहे. गंमत म्हणजे मसाजसाठी काचही चालते, कारण कडा गुळगुळीत असणं महत्त्वाचं. फक्त काचेला जेडचे पैसे देऊ नका. आणि वापरताना आधी तेल लावा, हात हलका ठेवा.

मोत्यांच्या पावडरीबाबतही हेच. चच्यांग प्रांतातलं झूची हे गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं मोठं केंद्र आहे. दुकानदार पावडरीवर व्हिनेगर टाकतो, फेस येतो आणि तो म्हणतो, ‘‘बघा, अस्सल!’’ पण मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि साधा शिंपलाही त्याचाच. फेस दोन्हींना येतो. तेव्हा या प्रयोगावर भुलून दहापट किंमत मोजू नका.

क्रीम घेताना नोंदणी क्रमांक पाहा

चीनमध्ये १ जानेवारी २०२१पासून सौंदर्यप्रसाधनांचे नवे नियम लागू आहेत. त्यानुसार त्वचा उजळवणारं क्रीम, सनस्क्रीन, केसांचा रंग आणि केसगळती थांबवणारी उत्पादनं ‘विशेष’ गटात मोडतात. त्यांना सरकारी नोंदणी घ्यावी लागते आणि तो क्रमांक वेष्टणावर छापावा लागतो. सनस्क्रीन किंवा उजळवणाऱ्या क्रीमवर तो दिसत नसेल तर डबी परत ठेवा. ‘हे औषधी क्रीम आहे’ असं सांगून कुणी विकत असेल तर सावध व्हा. तिथल्या नियमांत सौंदर्यप्रसाधनाला औषध म्हणवून घेता येत नाही.

यात एवढं काळजीचं काय? केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांमध्ये आजाराचा एकच खास प्रकार सापडला आणि त्या १५पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. ती चीनचीच होती असं नाही. मुद्दा आहे पाऱ्याचा. पारा त्वचेतल्या रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून क्रीमचा ‘गुण’ झटपट दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात पोहोचतो. भारतात पारा घातलेल्या अशा क्रीमवर बंदी आहे आणि पारा घालणारा तो वेष्टणावर लिहीत नाही. म्हणूनच आठ दिवसांत उजळ करण्याचं वचन देणारी, नाव-पत्ता नसलेली डबी कितीही स्वस्त असली तरी नको.

खरं तर यादीतलं हे क्रीम खोडूनच टाका. नणंदेला तिचा रंग बदलायची भेट देण्यापेक्षा तिच्या केसांत शोभणारी फणी द्या.

बाळासाठी जास्त खबरदारी

जानेवारी २०२१मध्ये चीनच्या फूच्येन प्रांतातलं एक प्रकरण गाजलं. एका बाळाला लावलेल्या क्रीममुळे त्याचा चेहरा सुजला, अंगावर लव वाढली. तपासणीत त्या क्रीममध्ये क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड निघालं. वेष्टणावर त्याचा उल्लेख नव्हता. त्यानंतर तिथे मुलांच्या सौंदर्यप्रसाधनांवर सोनेरी ढालीचं छोटं चिन्ह सक्तीचं झालं. पण या चिन्हाचा अर्थ ‘हे मुलांसाठीचं सौंदर्यप्रसाधन आहे’ इतकाच आहे. ती गुणवत्तेची हमी नाही. बाळाला पुरळ असेल तर परदेशी क्रीमचा प्रयोग करू नका, आपल्या डॉक्टरांना दाखवा.

पोटात जाणाऱ्या वस्तू

चिनी पारंपरिक औषधांच्या खोक्यावर सरकारी परवानगीचा क्रमांक असतो. चार चिनी अक्षरं, मग एक इंग्रजी अक्षर आणि मग आठ आकडे. पारंपरिक औषधासाठी ते अक्षर ‘झेड’ असतं. आरोग्यपूरक उत्पादनांवर निळ्या टोपीसारखं चिन्ह असतं. गोळ्या किंवा काढा घेताना या दोन्हींपैकी काहीच नसेल तर कितीही मोठा दावा असो, घेऊ नका.

वजन उतरवणारा चहा आणि कॉफी यांपासून लांबच राहा. अशा उत्पादनांत सिब्युट्रामिन हे औषध चोरून मिसळल्याचं वारंवार आढळलं आहे. हृदयाला धोका असल्याने ते चीनमध्ये २०१०मध्ये आणि भारतात २०११मध्ये बंद झालं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असंही नाही. १९९०च्या दशकात ब्रुसेल्समधल्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींत चुकून दुसरीच मुळी आली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली.

शेवंतीचा चहा किंवा वाळवलेली गोजी बेरी आणायला हरकत नाही. मात्र घरात कुणी रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असेल तर गोजी त्यांना देऊ नका, औषधाचा परिणाम वाढू शकतो.

शाकाहारी मैत्रिणींनी आणखी एक पाहावं. ‘रक्तवर्धक’ म्हणून मिळणारं अच्याव हे गाढवाच्या कातड्यापासून बनवतात आणि पक्ष्याचं घरटं म्हणून विकलं जाणारं महागडं टॉनिक पाकोळीच्या लाळेचं असतं. मिठाईसारख्या वड्यांतही अच्याव असतं, तेव्हा चव घेण्याआधी विचारा.

अस्वलाचं पित्त, वाघाचं हाड, अस्सल कस्तुरी यांना हातही लावू नका. आपल्या कोकणात आढळणारं खवले मांजर या बाजारामुळेच संकटात आलं. त्याच्या आठही प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७पासून बंदी आहे आणि २०२०मध्ये चीननेही त्याचे खवले आपल्या अधिकृत औषधसूचीतून काढले. आत्याच्या गुडघ्यांसाठी पट्ट्या घेतानाही घटक वाचा.

दुकान कोणतं निवडाल?

रस्त्यावरच्या गाड्यापेक्षा किंवा टूर गाइडने आग्रहाने नेलेल्या दुकानापेक्षा जुनं, बिल देणारं दुकान बरं. बीजिंगमध्ये छ्येनमनजवळ १६६९पासूनचं थोंग रन थांग आहे. हांगझोमध्ये हू श्वेयेन या व्यापाऱ्याने १८७४मध्ये सुरू केलेलं हू छिंग यू थांग आहे. तिथे आता औषधांचं संग्रहालयही आहे. या दुकानातली एक पाटी पाहण्यासारखी आहे. तिच्यावर ‘फसवणूक वर्ज्य’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि तिचं तोंड गिऱ्हाइकाकडे नसून आत, दुकानात काम करणाऱ्यांकडे आहे.

बॅग भरताना

* भाषांतराचं अॅप आणि चिनी भाषेचा संच घरूनच डाउनलोड करा. तिथे गुगलच्या सेवा सहज चालत नाहीत.
* तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने असते. बऱ्याचदा छापलेली तारीख उत्पादनाची असते, मुदत संपण्याची नव्हे. ती किती वर्षं चालेल हे वेगळं लिहिलेलं असतं.
* हातातल्या बॅगेत क्रीम, तेल, लोशनची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही. मोठ्या बाटल्या चेक-इन बॅगेत ठेवा.
* करपरतीची सोय असलेल्या एकाच दुकानात एका दिवशी किमान २०० युआनची खरेदी झाली तर देश सोडताना काही कर परत मिळू शकतो. त्यासाठीचा अर्ज दुकानातच मागा आणि वस्तू न वापरता ठेवा.
* भारतात करमुक्त सामानाची मर्यादा निघण्यापूर्वी तपासा. बिलं जपून ठेवा.
* घरच्यांसाठी चार डब्या आणणं वेगळं आणि सोशल मीडियावर विकायला चाळीस आणणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं आयात करायची तर २०२०च्या नियमांनुसार सरकारी नोंदणी लागते.

भेट देण्यापूर्वी

तुम्ही निदान दुकानात उभं राहून विचारलेलं असतं. ज्यांना भेट मिळते त्यांच्यासमोर फक्त न समजणारी अक्षरं असतात आणि तुमच्यावरचा विश्वास असतो. म्हणून प्रत्येक डबीवर मराठीत एक चिठ्ठी चिकटवा : हे काय आहे, कशासाठी आहे, कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं. क्रीम असेल तर ‘आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा’ हेही लिहा. आणि एखाद्या डबीबद्दल चिठ्ठीवर काय लिहावं हे तुम्हालाच सुचत नसेल, तर ती डबी कुणालाही देऊ नका.