कार्ड गल्ल्यात, नंबर साऱ्या दुकानाला

संध्याकाळची गिऱ्हाईकी ऐन भरात असते. माल उतरवून टेम्पोवाला भाड्यासाठी उभा असतो आणि गल्ल्यात तेवढी रोकड नसते. शेठजी गादीवरून न उठता खण उघडतात, बँकेचे कार्ड काढतात आणि पोराला हाक मारतात, "बेटा, दस हजार निकाल ला. नंबर याद है ना?" पोराला नंबर पाठ असतो. शेजारच्या दुकानदारालाही असतो. आणि एखाद्या दिवशी पोर विसरलेच, तर रस्त्याच्या पलीकडून ओरडून विचारते, म्हणजे टेम्पोवाल्यालाही कळतो.

धुळ्याचा आग्रा रोड घ्या किंवा जळगावचे फुले मार्केट, हे दृश्य नवलाचे नाही. गल्ल्याची किल्ली कमरेची सोडायची नाही ही आपल्या बापजाद्यांची शिस्त. पण ज्या चार आकड्यांनी सगळे खाते उघडते, ते आकडे आपण बाजारभर वाटत सुटतो.

कार्डाची चोरी म्हटली की आपल्याला कुठेतरी परदेशात संगणकापुढे बसलेला चोर दिसतो. तसे चोर आहेत, नाही असे नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 2018 मध्ये 11 व 13 ऑगस्टला 94 कोटींहून अधिक रक्कम पळवली गेली. बनावट कार्डांवर 28 देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. पण तो घाव बँकेच्या तिजोरीवर होता. खातेदारांच्या पैशांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हाच जाहीर केले. आपल्या बाजारात ज्याचे पैसे जातात त्याची गोष्ट याहून फार साधी असते. कार्ड त्याचेच असते आणि नंबरही त्यानेच सांगितलेला असतो.

इथेच कायद्याची मेख आहे आणि ती आपल्या व्यापारी बांधवांना फारशी माहीत नाही. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी एक परिपत्रक काढले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी 14 डिसेंबरला निघाले. त्यात ठरले ते असे. खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच माणसाने खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत खातेदाराने कळवले, तर त्याला एक पैचेही नुकसान सोसावे लागत नाही. चार ते सात दिवस लावले, तर बचत खाते व लहान व्यावसायिकांचे चालू खाते यांना जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंतची झळ. चूक खातेदाराची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकलेली आहे. गरिबाच्या बाजूचा इतका सरळ नियम बँकेच्या कारभारात क्वचित सापडतो. (आकडे पुढेमागे बदलतात, आपल्या शाखेत विचारून घ्यावेत.)

पण याच परिपत्रकात पुढे म्हटले आहे की पिन दुसऱ्याला सांगणे हा खातेदाराचा निष्काळजीपणा, आणि तसे झाले असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे त्यानेच भरायचे. म्हणजे "नंबर याद है ना?" या एका वाक्यात शेठजींनी आपला हक्क विकून टाकलेला असतो.

घरातल्या माणसाला सांगितला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बेंगळुरूच्या एका बाईचे प्रकरण पाहा. 2013 साली ती बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून तिने 25,000 रुपये काढण्यासाठी कार्ड व पिन नवऱ्याला दिले. यंत्रातून नोटा आल्याच नाहीत, पावती मात्र आली आणि खात्यातून रक्कम वजा झाली. साडेतीन वर्षे ती ग्राहक न्यायालयात झगडली. 2018 मध्ये दावा फेटाळला गेला. पिन नवऱ्याला दिला तिथेच नियम मोडला, पैसे हवे होते तर सेल्फचा चेक किंवा अधिकारपत्र द्यायचे होते, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल आम्हाला कठोर वाटतो. यंत्रातून नोटा निघाल्या नाहीत यात नवऱ्याचा काय दोष? पण न्याय नवऱ्यालाही परका धरतो, तर दुकानातल्या पोराचे काय घेऊन बसलात!

आणि पोराचाही विचार करावा. ते चोर आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, उद्या खात्यातून वीस हजार गेले, तर पहिला संशय त्याच्यावर येणार आणि आपण निर्दोष आहोत हे त्याला कधीच दाखवता येणार नाही. गरिबाच्या पोराची रोजी आणि अब्रू दोन्ही एका दुपारी जातात. ज्याला नंबर माहीतच नाही, त्याच्यावर बोट कोण ठेवील?

नंबर निवडण्यातही आपले शहाणपण बेताचेच. जन्मसाल, दुकानाचा क्रमांक, नाहीतर एमएच-18 किंवा एमएच-19 च्या पुढचे मोटारसायकलीचे चार आकडे. आणि आपल्या लोकांत सर्वांत आवडता म्हणजे 0786. श्रद्धा आपल्या जागी, पण जो चोर आपल्याच मोहल्ल्यातला आहे तो यंत्रापुढे पहिल्यांदा हेच आकडे दाबणार. बहुतेक बँकांत तीनदा नंबर चुकला की कार्ड अडते. चोराला तीन संधी असतात, आणि आपण त्याला तिन्ही उत्तरे आधीच देऊन ठेवतो.

कारागीर बांधवांची अडचण निराळी आहे. लूमवरचा कामगार, गाद्या भरणारा पिंजारी, बांगड्या विकणारा मन्यार, यांना यंत्राची धास्ती वाटते. मागे उभा असलेला सभ्य दिसणारा माणूस "लाओ चाचा, मैं निकाल देता हूँ" म्हणत पुढे येतो, नंबर पाहून घेतो, पैसेही मोजून देतो आणि परत देताना त्याच बँकेचे, त्याच रंगाचे दुसरेच कार्ड हातावर ठेवतो. चाचा रंग पाहतात आणि खिशात घालतात. शाखेत हातोहात मिळणाऱ्या कार्डांवर नावही छापलेले नसते, त्यामुळे ओळखणार कसे? कार्डाच्या कोपऱ्यावर नखाच्या रंगाचा एक ठिपका देऊन ठेवावा. बाकी ज्याला मोबाइलवर नंबर लावता येतो त्याला पिनही दाबता येतो; आकड्यांची मांडणी तीच असते. एखाद्या दुपारी गर्दी नसताना मुलाला बाहेर उभे करून स्वतः दोनदा दाबून पाहिले की धास्ती जाते.

दुकानासाठी रोज रोकड लागते हे खरेच आहे आणि शेठजींनी गादी सोडून रांगेत उभे राहावे असेही आमचे म्हणणे नाही. पोराच्या हाती बेअरर चेक द्यावा. त्यावर रक्कम लिहिलेली असते, तो एकदाच वटतो, आणि हरवला तर थांबवता येतो. चेकबुक जुने झाले म्हणून आपण कपाटात टाकले, पण या कामाला ते कार्डापेक्षा शंभर पटींनी बरे. बँकेची वेळ संपल्यावर पैसे लागत असतील, तर खर्चाचे वेगळे खाते काढून त्यात आठवड्यापुरतीच रक्कम ठेवावी आणि त्याचेच कार्ड जवळ बाळगून यंत्रावर स्वतः जावे. कार्ड चालू-बंद करण्याची आणि त्याची मर्यादा ठरवण्याची सोय खातेदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्येच बँकांना सांगितले आहे.

पैसे गेलेच तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करावे, लगेच 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तक्रारीचा क्रमांक कागदावर टिपून ठेवावा. रागावून पोराला बडवण्यात जो वेळ जातो तो चोराच्या पदरात पडतो.

राहिला बँकेचा निरोप. वरचे तीन दिवस मोजले जातात ते या निरोपापासून, आणि तो येतो बहुधा इंग्रजीत, कित्येकदा कधीच्या बंद पडलेल्या नंबरावर. खात्याला आपला चालू नंबर जोडलेला आहे की नाही, हे या आठवड्यातच शाखेत जाऊन पाहावे. निरोप मराठी-उर्दूत यावेत अशी मागणी मात्र एकट्यादुकट्याने करून भागणार नाही. जळगाव-धुळ्याच्या व्यापारी संघटनांनी ती लेखी घेऊन बँकांच्या व्यवस्थापकांना भेटावे, आणि उत्तरही लेखीच मागावे.