काठी कोणत्या हातात?

गावोगाव आता सांधे बदललेली माणसे दिसू लागली आहेत. ‘गुडघे गेले’ म्हणून ओसरीवर बसून राहणारी माणसे पोरांच्या कमाईवर, कोणी दागिना मोडून, शहरात जाऊन धातूचा गुडघा बसवून येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली. त्याआधी तो दीड लाखाच्या पुढे जाई. किंमत उतरली हे बरेच झाले. पण हा सांधा घेऊन माणूस बांधावर, उकिरड्यावर, विहिरीच्या पायऱ्यांवर परततो, त्याचे काय?

या सांध्यावर नेमके ओझे किती पडते, हे बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले आहे. अंदाजाने नव्हे, जिवंत माणसाच्या सांध्यात. कृत्रिम सांध्याच्या पोकळीत ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या आणि छोटे प्रक्षेपक यंत्र बसवून तो जोडकाम करून पक्का बंद करतात. पायाभोवती तारेचे वेटोळे गुंडाळले की आतल्या यंत्राला बाहेरूनच वीज मिळते आणि आकडे बिनतारी बाहेर येतात. हे आकडे त्यांनी जगाला फुकट खुले केले आहेत.

२०१० साली गुडघ्याचे आकडे प्रसिद्ध झाले. रुग्ण पाचच, पण आकडे बोलके आहेत. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २६१ टक्के जोर येतो, जिना चढताना ३१६, उतरताना ३४६. म्हणजे साठ किलोचा गडी पायऱ्या उतरतो तेव्हा एका गुडघ्यावर दोन क्विंटलांहून जास्त भार. खताच्या पन्नास किलोच्या चार गोण्या म्हणा ना! खुर्चीवरून नुसते उठायचे तरी २४६ टक्के.

वजनापेक्षा भार जास्त कसा? एका पायावर उभे राहिलो की शरीर पलीकडे झुकू पाहते. काट्याच्या लांब दांडीला वजन आणि आखूड दांडीला खुब्याचा स्नायू, अशी गत होते. आखूड बाजूला दुप्पट ओढावे लागते, आणि दोन्हींचा भार मधल्या सांध्याने सोसायचा. म्हणूनच काठी दुखऱ्या बाजूला नव्हे, तिच्या उलट हातात धरायची. आपल्याकडे पुष्कळ माणसे दुखऱ्याच बाजूला काठी धरतात! आणि एका हाताने पाण्याची बादली न्यायचीच असेल, तर ती मात्र बसवलेल्या खुब्याच्या बाजूच्या हातात. तोल त्याच बाजूला येतो आणि स्नायूला कमी ओढावे लागते. भरलेली बादली दुसऱ्या हातात घेतली की त्या खुब्यावरचा भार वाढतो.

सर्वांत वाईट म्हणजे ठेच. बर्लिनमध्ये मोजणी चालू असताना एक रुग्ण अडखळला, पडला नाही, तरी खुब्यावर वजनाच्या आठपटींहून जास्त जोर नोंदला गेला. साठ किलोच्या माणसाला हे पाच क्विंटलच्या आसपास झाले. रात्री बॅटरी न घेता मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. रात्रीची वीज देणाऱ्यांनीही ठेवला तर उत्तम.

हे रुग्ण बर्लिनचे, खुर्चीत बसणारे. खुरपणीला उकिडवे बसणारी, मांडी घालून जेवणारी, डोक्यावर भारा घेऊन ढेकळांतून चालणारी आमची माणसे मोजायची तर ते काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि तंत्रसंस्थांनी करायला हवे.

तोवर ग्रामपंचायतीला करण्याजोगे आहे. २०१४ नंतर स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांच्या अनुदानातून घरोघर संडास झाले, पण भांडी बहुतेक उकिडवे बसायचीच. गुडघा बदललेला माणूस तिथे बसणार कसा? दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात उंच बैठकीची आणि भिंतीला धरायच्या गजाची तरतूद ग्रामसेवकांनी धरावी. पंचायतीच्या कचेरीच्या, रेशन दुकानाच्या आणि दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा बसवायला तर वेगळा शासन निर्णयही लागत नाही. मासिक सभेत ठराव घेतला, गावच्या वेल्डरला सांगितले की झाले. कठडा मात्र दोन्ही बाजूंना हवा, कारण कोणाचा कोणता पाय गेलेला असेल सांगता येत नाही.